साचे ग्राहकाचे, यंत्रे आपली: मोटारीच्या सुट्या भागांच्या एका पुरवठादाराचे स्थलांतर

अमेरिकेच्या उत्तर भागातल्या एका कंपनीने मोटारकंपनीच्या मागोमाग आपले उत्पादन दक्षिणेला सुमारे तेराशे किलोमीटर दूर नेले, त्याची ही हकिकत आहे. कंपनीचे, तिच्या ग्राहकांचे व गावांचे नाव आणि अंतर्गत आकडे येथे वगळले आहेत; घटनांचा क्रम आणि निर्णयांमागची कारणे मात्र तशीच ठेवली आहेत. दक्षिणेत जावे की नाही, या प्रश्नाचा कंपनीने जवळजवळ वर्षभर अभ्यास केला आणि त्याचे उत्तर तिने बरोबर काढले. तिला महागात पडला तो अर्ध्या तासाच्या एका बैठकीत झालेला दुसराच निर्णय. म्हणून या लेखात त्या अर्ध्या तासाला अधिक जागा दिली आहे.

पार्श्वभूमी

अमेरिकेच्या मोटारउद्योगाचा नकाशा कसा बदलत गेला हे पाहिल्याशिवाय कंपनीपुढचा पेच ध्यानात येणार नाही. १९१३ साली डेट्रॉइटला खेटून असलेल्या हायलंड पार्क येथे फोर्डने सरकत्या पट्ट्यावरची जुळणी सुरू केली आणि पुढची कित्येक दशके सुटे भाग बनवण्याचे काम मुख्यतः मिशिगन, ओहायो आणि इंडियाना या राज्यांतच राहिले. मोटारीची अखेरची जुळणी मात्र देशभर विखुरलेली होती. तयार मोटार रेल्वेने नेण्यापेक्षा तिचे भाग दाटीने भरून नेणे स्वस्त पडे, त्यामुळे कॅलिफोर्नियापासून न्यू जर्सीपर्यंत मोठ्या बाजारपेठांजवळ जुळणीच्या शाखा उभ्या राहिल्या होत्या. पुढे मॉडेलांची संख्या इतकी वाढली की एक मॉडेल एक-दोन कारखान्यांतच बनवणे परवडू लागले, आणि एकाच ठिकाणाहून साऱ्या देशाला गाड्या पाठवायच्या तर ते ठिकाण किनाऱ्यापेक्षा देशाच्या मध्यभागी असणे सोयीचे ठरू लागले. किनाऱ्यांवरचे कारखाने एकामागून एक बंद झाले.

त्याच सुमारास परदेशी कंपन्या आल्या. होंडाने १९८२ साली ओहायोतील मेरिसव्हिल येथे, निस्सानने १९८३ साली टेनेसीतील स्मर्ना येथे आणि टोयोटाने १९८८ साली केंटकीतील जॉर्जटाउन येथे वाहने बनवायला सुरुवात केली. १९९० च्या दशकात बीएमडब्ल्यू साउथ कॅरोलायनात आणि मर्सिडीझ अलाबामात पोहोचली. यांतली बरीच ठिकाणे नकाशावर जोडली की आय-६५ आणि आय-७५ या उत्तर-दक्षिण महामार्गांच्या दोन्ही बाजूंना एक उभा पट्टा दिसतो, ज्याच्या वरच्या टोकाला महासरोवरे आणि खालच्या टोकाला मेक्सिकोचे आखात आहे. दक्षिणेतल्या राज्यांनी जमीन, रस्ते आणि करसवलती पुढे केल्या. कामगारांना संघटनेचे सभासदत्व सक्तीचे करता येऊ नये असा कायदा करण्याची मुभा १९४७ च्या टाफ्ट-हार्टली कायद्याने राज्यांना दिली होती. दक्षिणेतल्या बहुतेक राज्यांनी ती वापरली होती, आणि नव्याने येणाऱ्या कंपन्यांच्या हिशेबात ही गोष्ट उघडपणे होती.

सुट्या भागांचे कारखाने या पट्ट्यातून खाली सरकले, पण सगळे सारख्या वेगाने सरकले नाहीत. आसने, बंपर, डॅशबोर्ड, दरवाज्याची आतली पॅनेल असे अवजड आणि अनेक प्रकारांत लागणारे भाग जुळणी कारखान्याच्या तासाभराच्या परिसरात येऊन बसले. तारांची जुडगी हाताने बांधावी लागतात, ती मोठ्या प्रमाणावर मेक्सिकोत गेली. तिथे १९६५ पासून सीमेवर निर्यातीसाठी जुळणी करणारे कारखाने उभे राहत होते आणि अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांच्यातल्या १९९४ च्या नाफ्टा या व्यापार कराराने ही वाट आणखी रुंद केली. इंजिन व गिअरबॉक्सचे भाग बऱ्याच अंशी जुन्याच प्रदेशात राहिले. म्हणजे अंतर किती चालेल हे भागाच्या स्वभावावर ठरत होते. हे सूत्र पुढे या प्रकरणात पुन्हा लागणार आहे.

कंपनी आणि तिचे ग्राहक

कंपनी दक्षिण मिशिगनमधली, एका कुटुंबाच्या मालकीची. दरवाज्याच्या आतल्या बाजूचे पॅनेल हे तिचे मुख्य उत्पादन. एका पॅनेलमध्ये प्लॅस्टिकचा मोल्ड केलेला, म्हणजे साच्यात घडवलेला, पाया, त्यावर ताणून चिकटवलेले आवरण, हाताचा टेका, कडीभोवतीची चौकट, खिसा, क्लिपा आणि काही बटणे असतात. पाया मोल्ड करायला मोठ्या क्षमतेची यंत्रे लागतात, तर जुळणीला माणसे, टेबले आणि काटेकोर शिस्त. या दोन कामांतला फरक साधा आहे, पण संपूर्ण प्रकरण त्यावर उभे आहे.

तिचे दोन्ही मोठे ग्राहक डेट्रॉइटचे. नाते तीस-चाळीस वर्षांचे, पण जिव्हाळ्याचे म्हणता येणार नाही. १९९२ साली जनरल मोटर्सच्या खरेदीची सूत्रे होसे इग्नासिओ लोपेझ यांच्याकडे आली आणि त्यांनी चालू करार उघडून किमती उतरवायला लावल्या. ते १९९३ साली फोक्सवॅगनकडे गेले, तरी किमती दाबण्याची ती रीत डेट्रॉइटमध्ये रुजली. खरेदी अधिकारी दर दीड-दोन वर्षांनी बदलत, प्रत्येक नवा अधिकारी आल्याआल्या सवलत मागे, आणि पुढच्या मॉडेलचे काम मिळेल की नाही हे निविदा उघडेपर्यंत कळत नसे. कंपनी या रीतीला सरावलेली होती. करारात एक शब्द कमी असला तरी चालेल, कारण कागदापेक्षा बाजारच निकाल लावतो, अशी तिच्या वरिष्ठांची धारणा झाली होती. ही धारणा ते सोबत घेऊन दक्षिणेत गेले.

प्रश्न

२००० नंतरच्या पहिल्या वर्षांत एका परदेशी मोटारकंपनीने दक्षिणेत नवा जुळणी कारखाना उभारायचे ठरवले आणि दरवाज्याच्या पॅनेलसाठी या कंपनीला विचारणा केली. पॅनेल क्रमवार पुरवायची, ही अट होती.

क्रमवार पुरवठा म्हणजे काय, हे जरा सविस्तर सांगायला हवे. रंगकामातून बाहेर पडलेला मोटारीचा सांगाडा अखेरच्या जुळणीच्या पट्ट्यावर चढला की त्याचा क्रमांक, रंग आणि दर्जा (साधी की महागडी आवृत्ती) पुरवठादाराच्या संगणकावर उमटतो. तिथून दरवाज्याला पॅनेल बसेपर्यंत काही तासांचाच अवधी असतो. तेवढ्या वेळात पुरवठादाराने नेमके तेच चार पॅनेल उचलायचे, पट्ट्यावर गाड्या ज्या क्रमाने येणार त्याच क्रमाने रॅकमध्ये लावायचे आणि ट्रकने पोहोचवायचे. रंग, दर्जा, काचेची यंत्रणा आणि स्पीकर यांचे पर्याय एकमेकांशी गुणले की एकाच मॉडेलला कित्येक डझन प्रकार होतात, म्हणून सगळ्यांचा साठा पट्ट्याशेजारी ठेवणे मोटारकंपनीला अशक्य असते. पट्ट्यावरून साधारण दर मिनिटाला एक गाडी उतरते. एक रॅक चुकला तर पट्टा थांबतो, आणि थांबलेल्या प्रत्येक मिनिटाचे पैसे पुरवठादाराकडून वसूल होतात.

मिशिगनहून हे शक्य नव्हते. एका चालकाने तेराशे किलोमीटरचे हे अंतर तोडायचे तर दोन दिवस हवेत, कारण २००४ पासून लागू झालेल्या नियमाप्रमाणे सलग दहा तासांच्या विश्रांतीनंतर त्याला अकरा तासच गाडी चालवता येते, आणि आधीचा नियम दहा तासांचा होता. म्हणजे हे काम घ्यायचे तर दक्षिणेत काही ना काही उभारावेच लागणार होते. किती आणि काय उभारायचे, हा खरा प्रश्न होता.

काम न घेणेही सोपे नव्हते. १९९० च्या दशकाच्या मध्यात अमेरिकी बाजारात डेट्रॉइटच्या तीन कंपन्यांचा (जनरल मोटर्स, फोर्ड आणि क्रायस्लर) वाटा सत्तर टक्क्यांच्या वर होता आणि तो दरवर्षी घसरत होता. फक्त जुन्या ग्राहकांवर विसंबून राहणे म्हणजे त्यांच्यासोबत आकसत जाणे, हे संचालकांपैकी प्रत्येकाला दिसत होते.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय दक्षिणेत पूर्ण कारखाना उभारण्याचा होता, ज्यात मोल्डिंगपासून क्रमवार पाठवणीपर्यंत सगळे एका छपराखाली राहील. उत्पादनप्रमुखांचा त्याला पाठिंबा होता, कारण दोष सापडला की तो कुठल्या टप्प्यावर झाला हे तासाभरात कळते आणि दुरुस्त होते. खर्च मात्र सर्वांत मोठा, आणि तो कारखाना एकाच ग्राहकावर जगणार होता.

दुसरा पर्याय काम विभागण्याचा. पाया मिशिगनमधल्या अस्तित्वात असलेल्या यंत्रांवर मोल्ड करायचा, आणि आवरण चढवणे, जुळणी व क्रमवारी हे दक्षिणेत भाड्याच्या इमारतीत करायचे. वित्तप्रमुखांनी हा पर्याय मांडला तेव्हा त्यांनी एक नमुना बैठकीत आणला होता: मोल्ड केलेले दहा पाये, थाळ्यांसारखे एकात एक बसवलेले. शेजारी आवरण चढवलेले दोनच तयार पॅनेल, आणि त्यांनी त्या दहांइतकीच जागा व्यापलेली. पाया दाटीने रचता येतो आणि तो काळा असो वा राखाडी, प्रकार थोडेच असतात. आवरण चढले की तो ना दाटीने रचता येतो ना प्रकार मोजता येतात. सीमारेषा कुठे आखायची हे त्या टेबलावरच दिसत होते. सुट्या भागांच्या भूगोलाचा इतका नेमका धडा मी तरी कुठल्या पाठ्यपुस्तकात पाहिलेला नाही.

तिसरा पर्याय केंटकी किंवा टेनेसीत, महामार्गालगत, मोल्डिंगचा मधला कारखाना उभारण्याचा होता, म्हणजे पुढे इतर मोटारकंपन्यांनाही एका दिवसाच्या अंतरातून माल देता येईल. कल्पना दूरदृष्टीची होती, पण इतर मोटारकंपन्यांचे काम हातात नव्हते आणि एका मॉडेलचे काम एकदा दुसऱ्याकडे गेले की पुढची पाच-सहा वर्षे ते मोकळे होत नाही. चौथा पर्याय भागीदारीचा: नव्या ग्राहकाचा मायदेशातला जुना पुरवठादार अमेरिकेत येऊ पाहत होता, त्याच्याबरोबर निम्म्या भांडवलाची कंपनी काढायची. कुटुंबाला हे नको होते आणि त्यावर फार चर्चा झालीच नाही.

निर्णय आणि पहिली दोन वर्षे

दुसरा पर्याय स्वीकारला गेला. ग्राहकाच्या कारखान्यापासून अर्ध्या तासावर इमारत भाड्याने घेतली. मिशिगनहून आठवड्यातले बहुतेक दिवस ट्रक निघत आणि दक्षिणेत दोन दिवसांचा पायांचा साठा राही.

या टप्प्यावर आणखी एक निर्णय झाला, ज्याची तेव्हा कुणी फारशी दखल घेतली नाही. आरेखन आणि चाचणीचा विभागही दक्षिणेत न्यावा असा एक प्रस्ताव होता. तो फेटाळला गेला. कारण व्यावहारिक होते: अनुभवी अभियंते मिशिगन सोडायला तयार नव्हते. पण त्यामागे एक मोठी गोष्ट होती. उत्पादन दक्षिणेला सरकले तरी परदेशी कंपन्यांनी आपली तांत्रिक केंद्रे डेट्रॉइट आणि ॲन आर्बरच्या परिसरातच थाटली होती. टोयोटा, निस्सान आणि ह्युंदाई या तिघांचीही केंद्रे तिथे आहेत. पुढच्या मॉडेलचा दरवाजा कसा असेल हे तिथे ठरते. त्यामुळे कंपनीचे अभियंते नव्या ग्राहकाच्या अभियंत्यांना आठवड्यातून दोनदा भेटू शकत होते, तेही गाडी बाजारात यायच्या तीन वर्षे आधी.

नव्या ग्राहकाशी काम करण्याची पद्धत निराळी होती. त्याची माणसे कारखान्यात येऊन घड्याळ लावून उभी राहत, प्रत्येक भागाच्या खर्चाचा तपशील मागत आणि तो कुठे कमी होईल ते स्वतः सुचवत. सुरुवातीला यामुळे संशय वाढला. खर्च उघड केला की सवलत मागणार, हा डेट्रॉइटचा अनुभव होता. सवलत यांनीही मागितली, दरवर्षी मागितली. पण आवरण चिकटवण्याच्या टप्प्यावरचा नासका माल कमी करण्यासाठी त्यांचा एक अभियंता सहा आठवडे तिथेच राहिला, हेही खरे आहे. एक गोष्ट जुन्या आणि नव्या ग्राहकांत समान होती: मोल्डिंगचे साचे मोटारकंपनीच्या मालकीचे. यंत्रे पुरवठादाराची. साचा त्याच क्षमतेच्या कुठल्याही यंत्रावर चालतो, म्हणून तो उचलून दुसऱ्याकडे देता येतो. यंत्र मात्र साच्याशिवाय रिकामे उभे राहते.

अर्ध्या तासाची बैठक

दुसऱ्या हिवाळ्यात हिमवादळाने महामार्ग बंद झाला आणि पाये घेऊन निघालेले तीन ट्रक वाटेत अडकले. दक्षिणेतला साठा काही तासांवर आला. कंपनीने विमानाने पाये मागवले आणि पट्टा थांबू दिला नाही. दंड झाला नाही. ग्राहकाने लेखी आभार मानले.

तीन आठवड्यांनी ग्राहकाच्या खरेदी विभागाने बैठक बोलावली आणि साचे दक्षिणेत हलवावेत अशी इच्छा व्यक्त केली. आपली भीती त्यांनी लपवली नाही. १९९६ च्या मार्च महिन्यात ओहायोतील डेटन येथल्या दोन ब्रेक कारखान्यांत १७ दिवसांचा संप झाला आणि त्यामुळे जनरल मोटर्सची उत्तर अमेरिकेतली बहुतेक जुळणी ठप्प झाली होती. एका लांबच्या ठिकाणावर अवलंबून राहिल्याने काय होते याचे ते उदाहरण उद्योगात सर्वांना पाठ होते. मिशिगनमधल्या कारखान्यात कामगार संघटना होती, हे त्यांनी बोलून दाखवले नाही, पण डेटनचा दाखला दिला तेव्हा ते सर्वांना समजले.

कंपनीच्या वतीने कारखान्याचे दक्षिणेतले व्यवस्थापक आणि विक्रीप्रमुख हजर होते. त्यांनी मान्यता दिली. वादळाच्या वेळी झालेल्या धावपळीने दोघेही थकलेले होते, ग्राहक खूश होता, आणि पुढच्या मॉडेलच्या कामाचा विषय त्याच बैठकीत निघाला होता. विक्रीप्रमुखांनी नंतर सांगितले की ती बैठक त्यांना सेवेत सुधारणा करण्याविषयीची वाटली, गुंतवणुकीविषयीची वाटलीच नाही. पण साचे हलवायचे म्हणजे मोठी यंत्रे हवीत, यंत्रांखाली भक्कम चौथरा, क्रेन, जास्त दाबाची वीज आणि उंच छत हवे, म्हणजे भाड्याची इमारत पुरणार नाही आणि स्वतःची बांधावी लागेल. वर्षभर अभ्यास करून नाकारलेला पहिला पर्याय अशा रीतीने मागच्या दाराने आत आला. संचालक मंडळापुढे तो आला तेव्हा ग्राहकाला शब्द दिलेला होता आणि मंडळापुढे खर्च मंजूर करण्याएवढेच काम उरले होते.

यंत्रे कंपनीच्या खर्चाने आली. किमान किती पॅनेल उचलली जातील याची हमी मागितली गेली नाही. साचे दुसऱ्याकडे गेल्यास यंत्रांच्या न फिटलेल्या किमतीचे काय, हेही विचारले गेले नाही. अशी कलमे मागितली तर ग्राहकाला अविश्वास वाटेल, असे कारण मला सांगण्यात आले. डेट्रॉइटमध्ये मागून काही मिळत नसे, म्हणून मागण्याची सवयच राहिली नव्हती, असे माझे मत आहे.

मिशिगनमधल्या मोल्डिंग विभागातल्या आठ जणांनी दक्षिणेत जाऊन सहा आठवडे नव्या कामगारांना शिकवले. आपण शिकवून परतलो की आपलीच यंत्रे थंड होणार, हे त्यांना ठाऊक होते. तरीही त्यांनी तापमानाच्या नोंदवह्या, साच्यांच्या खोडी, पावसाळी हवेत कच्चा माल किती वेळ सुकवायचा याचे हिशेब, सगळे हातचे काही न राखता दिले. या प्रकरणाची कागदपत्रे वाचताना माझे मन सर्वांत जास्त वेळ तिथे रेंगाळले. त्या आठांना कंपनीने आधी काय सांगितले होते याची कुठेही लेखी नोंद नाही.

मंदीची दोन वर्षे

नवा कारखाना पूर्ण चालू झाला आणि २००८ आले. इंधन महाग झाले, मग कर्जे आटली, आणि मोटारींची विक्री कोसळली. डेट्रॉइटच्या तिघांचा बाजारातला वाटा पन्नास टक्क्यांच्या खाली गेला. ३० एप्रिल २००९ रोजी क्रायस्लरने आणि १ जून २००९ रोजी जनरल मोटर्सने दिवाळखोरीचे संरक्षण मागितले. त्याआधी मार्चमध्ये केंद्र सरकारने पुरवठादारांची येणी सुरक्षित राहावीत म्हणून ५ अब्ज डॉलरची योजना जाहीर केली होती. तेवढ्यानेही अनेक पुरवठादार वाचले नाहीत.

कंपनीवर आघात दोन्ही बाजूंनी झाला. मिशिगनमध्ये मागणी घटली आणि मोल्डिंगचे मोठे काम आधीच दक्षिणेत गेलेले, त्यामुळे तिथला एक कारखाना रिकामा पडू लागला. दक्षिणेत नव्या ग्राहकाने उत्पादन कमी केले, पण यंत्रांच्या कर्जाचे हप्ते कमी झाले नाहीत. मूळ विभागणी कायम असती तर मिशिगनची जुनी, कर्जमुक्त यंत्रे जुन्या आणि नव्या ग्राहकांच्या कमीजास्त मागणीवर चालली असती. आता जुनी यंत्रे एका टोकाला आणि नवी दुसऱ्या टोकाला, दोन्ही अर्धी रिकामी. २००९ अखेर मिशिगनमधला तो कारखाना बंद करण्यात आला. तो जुना होता म्हणून बंद झाला असे अधिकृत कारण दिले गेले. ते मला पुरेसे वाटत नाही. दक्षिणेतला कारखाना बंद करता येत नव्हता, कारण त्यावर कर्ज होते, आणि हेच निर्णायक ठरले.

परिणाम

कंपनी टिकली. पुढच्या मॉडेलच्या वेळी नव्या ग्राहकाने पॅनेलची जुळणी आणि क्रमवारी तिच्याकडेच ठेवली, कारण त्या कामात तिची चूक जवळजवळ होत नव्हती आणि अर्ध्या तासाच्या अंतरात दुसरा कुणी तयार नव्हता. पायाचे मोल्डिंग मात्र अर्धे दुसऱ्या पुरवठादाराकडे गेले. कडीची चौकट आणि खिसा हे छोटे भाग मेक्सिकोतून येऊ लागले. म्हणजे जे दाटीने रचून लांबून आणता येते ते लांबून आले, आणि जे जवळच असावे लागते ते जवळ राहिले. वित्तप्रमुखांनी टेबलावर मांडलेल्या दहा पायांनी आणि दोन पॅनेलांनी हेच सांगितले होते. यंत्रे काही काळ रिकामी राहिली. नंतर त्यांवर एका उपकरण उत्पादकाचे काम मिळाले, कमी नफ्याचे.

आरेखन विभाग मिशिगनमध्ये ठेवण्याचा निर्णय सर्वांत फलदायी ठरला. २०१० नंतर आलेले प्रत्येक नवे काम तिथल्या भेटीगाठींतून मिळाले.

काय वेगळे करता आले असते

हिमवादळाला उत्तर म्हणून साठा दोन दिवसांवरून पाच दिवसांवर नेता आला असता. पाया एकात एक बसतो, प्रकार थोडे असतात, म्हणून त्यासाठी लागणारी जागा आणि अडकणारे पैसे यंत्रांच्या तुलनेत किरकोळ होते. ग्राहकाची भीती खरी होती, पण ती पुरवठा तुटण्याची भीती होती. साचे कुठे असावेत, हा त्यावरचा केवळ एक उपाय होता. बैठकीत हे दोन मुद्दे वेगळे करणारा कुणी नव्हता. माझ्या मते तिथे वित्तप्रमुखांनी असायला हवे होते, कारण विभागणीचा मूळ तर्क त्यांच्या डोक्यात होता आणि दक्षिणेतल्या व्यवस्थापकांना तो कधी नीट समजावून सांगितला गेला नव्हता.

भागीदारीचा पर्याय इतक्या झटकन टाकायला नको होता, असेही मला वाटते. ग्राहकाच्या मायदेशातला पुरवठादार शेवटी आलाच, आणि पायाचे अर्धे काम त्याच्याकडे गेले. सोबत आला असता तर यंत्रांचे ओझे वाटले गेले असते. अर्थात भागीदारीत कुटुंबाचा शब्द कितपत चालला असता, याविषयी माझी खात्री नाही, आणि नकार देणाऱ्यांना दोष देण्याइतका मी त्या बैठकांच्या जवळ नव्हतो.

मिशिगनमधल्या कामगारांच्या बाबतीत मात्र मला संदेह नाही. दक्षिणेत पहिली इमारत भाड्याने घेतली तेव्हाच संघटनेशी बसून, कोणते काम उत्तरेत राहील आणि कोणत्या परिस्थितीत हलेल, हे लिहून घेता आले असते. तसा कागद असता तर तो अर्ध्या तासाच्या बैठकीत कंपनीच्याच उपयोगी पडला असता. आम्हाला एकट्याने ठरवता येणार नाही, असे सांगायला एक खरे कारण हाताशी राहिले असते.

१ जुलै २०२० पासून नाफ्टाची जागा घेणारा नवा करार लागू झाला. शुल्कमाफीसाठी मोटारीच्या मूल्यातला उत्तर अमेरिकेचा वाटा ६२.५ टक्क्यांवरून टप्प्याटप्प्याने ७५ टक्क्यांवर न्यायचा होता, आणि ४० ते ४५ टक्के भाग ताशी किमान १६ डॉलर मजुरी मिळणाऱ्या कामगारांकडून बनायला हवेत अशी अट होती. मोटारकंपन्यांनी पुन्हा नकाशे काढले. नव्या ग्राहकाने पुन्हा विचारणा केली: मेक्सिकोतून येणाऱ्या छोट्या भागांपैकी काही काम परत दक्षिणेत आणता येईल का, आणि त्यासाठी यंत्रे घ्याल का?

या वेळी उत्तर द्यायला कंपनीने तीन आठवडे घेतले. मसुद्यात दोन कलमे घातली: ठरलेल्या संख्येच्या खाली मागणी गेल्यास यंत्राच्या हप्त्याचा वाटा ग्राहकाने उचलायचा, आणि मुदतीपूर्वी साचे हलवल्यास न फिटलेली रक्कम द्यायची. पाठवण्यापूर्वी विक्री विभागात दोन दिवस वाद झाला. काम हातचे जाईल, अशी अनेकांची भीती होती. ग्राहकाच्या खरेदी विभागाने पहिल्या कलमातली संख्या थोडी खाली आणायला सांगितली, दुसरे कलम होते तसे ठेवले, आणि सही करून मसुदा परत पाठवला.